मीठ उतरेपर्यंत

गाडीवरचं पांघरूण काढायचं काम जेरार्डने बहिणीवर सोडलं. कंबर धरलीय, म्हणाला. कालपर्यंत त्याची कंबर ठणठणीत होती हे लोरेटाला ठाऊक होतं. तिने पांघरुणाची कडा धरली. जानेवारीत बाबांना माती देऊन आल्यापासून गॅरेजमध्ये कोणी पाऊल ठेवलं नव्हतं. आता मार्च संपत आला होता, सोमवारी घराच्या चाव्या नव्या मालकांच्या हाती द्यायच्या होत्या, आणि ही एक वस्तू सोडली तर घर रिकामं झालं होतं.

पांघरूण शेपटीकडून नाकाकडे गुंडाळत आणायचं, म्हणजे वरची धूळ आतल्या आत राहते. बाबा तसंच करत. लोरेटाचे हात आपोआप तसेच चालले. आणि हळूहळू ती उघडी झाली: एकोणीसशे सत्तरची ओल्ड्समोबाइल फोर-फोर-टू, खोल विहिरीच्या पाण्यासारखी गर्द हिरवी. लांब नाक, रुंद खांदे, आणि उभ्या जागीही आता निघेल अशी ठेवण. लोरेटाने ही गाडी जन्मभर पाहिली होती. तरी दर वेळी तिचा श्वास अर्धा क्षण अडायचा, तसाच आजही अडला.

"अरे वा," गिऱ्हाईक हलकेच म्हणालं.

त्याचं नाव ऑरिन मॅडॉक्स. इंडियानाहून आला होता, साठी उलटलेला, उंच, थोडा वाकलेला. जवळ जाण्याआधी त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, बोटातली अंगठी काढली, मग कमरेचा पट्टाही काढला आणि सगळं लोरेटाच्या हातात दिलं. "बकलाचा ओरखडा उठतो," तो म्हणाला, आणि हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरू लागला.

स्टेशा आत्या दारात घडीच्या खुर्चीवर बसली होती. बाबांची, म्हणजे लेनीची, थोरली बहीण, त्र्याऐंशी वर्षांची. झवाकींच्या घरातला कुठलाही सौदा, साखरपुडा की भांडण आपल्या गैरहजेरीत होऊ नये ही तिची खबरदारी. तिने लोरेटाला कोपराने ढोसलं. "हा माणूस गाडी बघायला आलाय की अंघोळीला?"

"आत्या, ऐकू जाईल."

"जाऊ दे. कान धुतलेले दिसतात."

ऑरिनच्या खांद्यांना हसण्याचा हलका झटका बसला. पण नजर गाडीवरून हलली नाही. त्याने दार उघडलं आणि लावलं. आवाज आला तो एकच, भरीव, जड पेटीचं झाकण बसावं तसा. त्याने पुन्हा उघडून पुन्हा लावलं.

"दारं कधी उतरवली होती?"

"कधीच नाही," लोरेटा म्हणाली. "बाबांचं ओल्ड्समोबाइलच्या कारखान्यात तेच काम होतं. दारं बसवायचं. ही दारं आपणच बसवली असं ते म्हणायचे."

"खरं होतं?"

"त्या पाळीला तेच होते. खोटं ठरवायला कोणी पुढे आलं नाही."

"रंग?"

"कारखान्याचाच. सीटही. टायर, बॅटरी, पट्टे बदलले. सायलेन्सर दोनदा. बाकी जे आहे ते तेच आहे."

तो पुढे नाकाशी आला आणि थांबला. बॉनेटच्या डाव्या कडेजवळ तळहाताएवढ्या जागी हिरवा रंग विरला होता आणि खालचा करडा थर वर आला होता. बाबा इंजिनात वाकत तेव्हा त्यांचा डावा हात तिथे टेकायचा. खाली नेहमी फडकं असायचं. पण फडक्यानेही पन्नास वर्षांत आपलं काम केलं होतं.

"ते रंगवून घेता येईल," जेरार्ड घाईने म्हणाला. "माझ्या ओळखीचा माणूस आहे. कळणारसुद्धा नाही."

ऑरिनने वर पाहिलं. "कशाला?" तो म्हणाला. त्या सुरात टीका नव्हती, खरंच प्रश्न होता.

लोरेटाला त्या क्षणी कळलं की गाडी या माणसाकडेच गेली पाहिजे. आणि हेही कळलं की दुपार सोपी जाणार नाही. शिकागोचा एक व्यापारी दोन आठवडे जेरार्डच्या मागे होता. तो गाडी न पाहता उचलायला तयार होता, पैसेही जास्त देत होता. आणि फोनवर त्याने फुशारकीने सांगितलं होतं की पत्र्यापर्यंत खरवडून नव्याने रंगवणार, आरशासारखी करणार, नव्या सीट घालणार. जेरार्डला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. आज हा सौदा फिसकटला तर उद्या सकाळी त्या व्यापाऱ्याचा ट्रक दारात येणार, असं ठरलं होतं. म्हणजे जेरार्डने ठरवलं होतं, आणि लोरेटाने मान हलवली होती, कारण त्या आठवड्यात ती सगळ्यालाच मान हलवत होती.

इंजिन सुरू केलं तेव्हा घराच्या खिडक्यांनी हलकी थरथर धरली. ऑरिन डोळे मिटून उभा राहिला. बराच वेळ ऐकलं, आणि मग जे म्हणायला नको होतं तेच म्हणाला.

"छान. आता एक चक्कर मारून बघतो."

सगळ्यांनी गॅरेजच्या उघड्या दारातून बाहेर पाहिलं. ऊन होतं, बर्फ वितळून कडेला काळपट ढीग उरले होते, आणि गल्लीचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा होता. परवाच बर्फ वितळवायला मीठ टाकणारी गाडी जाऊन गेली होती.

"नाही," लोरेटा म्हणाली.

*

स्वयंपाकघरात भांडी खोक्यांत गेली होती. आईने कागदी कपांत कॉफी ओतली आणि केकचे काप केले. आत्याने ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत गोड सोडलं होतं. ती केकच्या ताटाकडे पाहायचं असं टाळत होती की सगळ्यांच्या लक्षात येत होतं.

"समजावून सांग त्यांना," जेरार्ड म्हणाला. "सांग, की आमच्या घरी मिठाचा धर्म पाळतात."

लोरेटाने सांगितलं. मिठाने खालचा पत्रा गंजतो, म्हणून हिवाळ्याचं मीठ रस्त्यावर असेतो ही गाडी बाहेर पडली नव्हती, एकदाही नाही. मिठाची गाडी शेवटची येऊन गेली की दोन मोठे पाऊस व्हावे लागत. बाबा म्हणायचे, पहिला पाऊस मीठ विरघळवतो, दुसरा घेऊन जातो. दुसऱ्या पावसानंतर रस्ता सुकला की ते फाटकाशी उकिडवे बसायचे, बोट ओलं करून डांबरावर घासायचे आणि जिभेला लावायचे.

"रस्ता चाखायचे?" ऑरिनने विचारलं.

"चाखायचे. शाळेची बस जायच्या वेळी नेमके." तिला ती बस दिसली. काचेला चिकटलेले चेहरे, आणि समोरच्या मोझेलच्या कुंपणाआड दप्तर पोटाशी धरून बसलेली ती स्वतः. "थुंकून नुसतं 'खारट' म्हणत घरात यायचे. मग पुढच्या पावसाची वाट."

"आमची आई गेली ना," आत्या म्हणाली, "तेव्हा फेब्रुवारी होता. लेनीने तिच्या अंत्ययात्रेलासुद्धा ही काढली नाही. भाड्याच्या गाडीत बसून आला. मी वर्षभर त्याच्याशी बोलले नाही."

"वर्षभर?" आई म्हणाली. "ईस्टरला हॅम संपवायला आली होतीस की."

"आले होते. बोलले नव्हते."

ऑरिनने कप खाली ठेवला. "मिसेस झवाकी, मला हे सगळं पटतं. पण माझी बाजू ऐका. मी तीस वर्षं शाळेत बँड शिकवला. मुलांच्या आईबापांना एकच सांगत आलो, की वाद्य कितीही देखणं असो, फुंकल्याशिवाय घेऊ नका. उभ्या जागी ही गोड गाते. पण ओझं घेतल्यावर, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना काय बोलते, ते ऐकल्याशिवाय मी माझी सगळी पुंजी टाकू शकत नाही. माझ्या बायकोला काय तोंड दाखवू?"

"मग एप्रिलमध्ये या," लोरेटा म्हणाली.

"एप्रिलमध्ये गॅरेज कोणाचं?" जेरार्ड उसळला. "सोमवारी घर जातंय, लोरी. ही काय तू आगगाडीत बसवून ग्रँड रॅपिड्सला तुझ्या घरी नेणार आहेस? तुझ्याकडे गॅरेज आहे का? माझ्याकडे आहे का? अर्ध्या मैलाची चक्कर. आल्यावर खालून पाणी मारू. काय होणार आहे?"

"बाबांनी एकदाही—"

"बाबा नाहीत."

जेरार्डने केकचा तुकडा उचलला, परत ठेवला. आवाज खाली आणला, पण त्यामुळे तो जास्तच टोचला. "मी सोळा वर्षांचा होतो. गल्लीतली सगळी पोरं बापाच्या गाडीवर शिकली. मला त्याने चावीला हात लावू दिला नाही. म्हणाला, तुला अजून इंजिन ऐकू येत नाही. मी शेजारच्या हबिंजरच्या भंगार व्हॅनवर शिकलो. आणि आता तिच्या पायाला मीठ लागेल म्हणून आपण गिऱ्हाईक परत पाठवायचं? व्यापारी परवडला. तो निदान नाटकं करत नाही."

"तो तिची कातडी सोलणार आहे, जेरार्ड."

"गाडी आहे ती! कातडी नाही, पत्रा आहे!"

"माझं मत जेरार्डकडे," आत्या म्हणाली. "लेनीचं डोकं फिरलेलं होतं, देव त्याला सुखी ठेवो."

मग सगळ्यांनी आईकडे पाहिलं. बर्नडीन झवाकी चाकू पुसत होती. गाडीबद्दल तिचं मत साऱ्या गल्लीला पाठ होतं. ती तिला 'माझी सवत' म्हणायची. तिला नवीन टायर येतात, मला जुना ओव्हरकोट. तिला सुती पांघरूण, मला लोकरीचं, टोचणारं. पन्नास वर्षं हा विनोद चालला होता, आणि त्यात विनोद किती हे कोणी विचारलं नव्हतं. लोरेटाने आईचा कौल मनात आधीच मांडला होता: तीन विरुद्ध एक.

"दर एप्रिलला चाखून आला की तो या दारात उभा राहायचा," आई म्हणाली. "म्हणायचा, अळणी झाला गं रस्ता, चलतेस का बर्नी? आणि मी म्हणायचे, भांडी राहिलीत." तिने चाकू खोक्यात ठेवला. "दर वर्षी भांडी राहिलेली असायची."

आत्यानेच ती शांतता मोडली, कारण शांतता तिला सोसत नसे. "मग काय करायचं म्हणतेस? मीठ काय चमच्याने वेचणार? रस्ता धुऊन काढणार?"

आईने नणंदेकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तुला काहीतरी शहाणं सुचलं, असं ते पाहणं होतं.

"नळी कुठे आहे?" तिने विचारलं.

*

नळी तळघरात होती, पण बाहेरच्या नळाचं पाणी हिवाळ्यासाठी आतून बंद केलेलं होतं. ते उघडायची चकती कुठे आहे हे बाबांनंतर एकालाच माहीत होतं. सगळ्यांनी जेरार्डकडे पाहिलं.

"तुम्हाला सगळ्यांना वेड लागलंय," तो म्हणाला. पण जिन्यावर त्याची पावलं वाजली, खाली लोखंडावर लोखंड ठोकल्याचा आवाज आला, आणि भिंतीतला नळ खोकला, गंजाचं तांबडं पाणी ओकला, मग स्वच्छ वाहू लागला.

आई अंगात बाबांचा रबरी कोट घालून फाटकाशी उभी राहिली आणि रस्त्यावर पाणी मारू लागली. पांढरा थर फेसाळत नाल्याकडे निघाला. लोरेटा अंगणातला रुंद झाडू घेऊन मागोमाग रेटत होती. नळी फाटकापासून जेमतेम दोन गाड्यांच्या लांबीपर्यंत पोचली आणि ताणून थांबली. पुढे सबंध गल्ली पांढरी पडली होती.

समोरच्या घराचं दार उघडलं. मोझेल ग्रिग्ज बाहेर आली. पायात सपाता, हातात वाचायचा चष्मा, तोंडावर अत्यंत समाधानाचा भाव. चाळीस वर्षं समोरासमोर राहिल्यावर शेजारीण वेडी झाल्याचं पाहायला मिळालं की येतो तो.

"बर्नी, काय करतेयस?"

"रस्ता धुतेय."

"ते दिसतंय. का?"

"लेनीची गाडी जातेय. या गिऱ्हाइकाला ती चालवून बघायचीय."

मोझेलने गॅरेजमध्ये पाहिलं, मग रस्त्यावर पाहिलं, मग ऑरिनकडे. "तुम्ही त्या सीटवर बसणार? त्या सीट आमच्या शिवणखात्यातल्या आहेत. सत्तर साली मी तिथे नवीन लागले होते. खिशात काही टोकदार ठेवू नका."

"पट्टासुद्धा काढून ठेवलाय, मॅडम," ऑरिन म्हणाला.

"शहाणे आहात." मग तिने वळून अशी हाक मारली की कडेच्या झाडावरची पाखरं उडाली. "हबिंजर! नळी काढ! लेनीची गाडी बाहेर निघतेय!"

हबिंजर रंगखात्यातून निवृत्त झालेला, ऐकायला कमी, बोलायला त्याहून कमी. तो हिवाळी टोपी घालून आला, रस्ता पाहिला, काही न विचारता घरात गेला आणि कापडी पट्टीने चार ठिकाणी जोडलेली नळी ओढत बाहेर आला. त्याच्या पलीकडच्या घरातलं तरुण जोडपं नवं होतं, त्यांना काहीच समजलं नाही. पण नळी त्यांच्याकडे सगळ्यांत चांगली होती आणि मोझेलने ती मागितली. मोझेलला नाही म्हणण्याची पद्धत या गल्लीत नव्हती.

लोरेटा झाडू मारत राहिली. हात गारठून बधिर झाले होते. तिच्या मनात आलं, कारखाना पाडला तेव्हा यातलं कोणी पाहायला गेलं नव्हतं. आता तिथे मोकळं मैदान आहे, गवतही धड उगवत नाही. या लोकांनी आयुष्यभर हजारो गाड्या केल्या, त्या देशभर गेल्या, गंजल्या, ठोकरल्या, भंगारात दबल्या. डोळ्यांसमोर राहिली ती एवढी एक. दारं बाबांची, सीट मोझेलच्या हाताखालून गेलेल्या, रंग हबिंजरच्या खात्याचा. बाबा तिला जपत होते ते फक्त स्वतःसाठी नव्हतं, हे तिला आज, हातात झाडू असताना कळत होतं. आणि हे सांगायला बाबा नव्हते.

"जरा कडेला रेट!" आत्या खुर्चीवरून ओरडत होती. खुर्ची तिने फाटकापर्यंत आणवली होती. "कडेला पांढरं राहिलंय! लोरेटा, तुझ्या आईने तुला झाडू धरायला शिकवलं नाही?"

"तू जेरार्डच्या बाजूची होतीस ना, आत्या?"

"बाजू बदलली. जेरार्डचं काय घेऊन बसलीस, बघ तिकडे."

जेरार्ड रस्त्याच्या मध्यावर होता. बाह्या वर, बूट भिजलेले, तरुण जोडप्याची नळी हातात. तो पाणी उताराच्या बाजूने पद्धतशीर मारत होता, एक पट्टा पुरा झाल्याशिवाय दुसरा नाही. बाबा अंगण असंच धुवायचे. कंबर धरल्याची त्याला आठवण राहिली नव्हती.

गल्लीच्या तोंडापर्यंत रस्ता काळाभोर झाला. पुढे मोठा रस्ता होता, आणि तिथून पुन्हा पांढरं. मधली रेघ आखल्यासारखी दिसत होती.

"झालं?" ऑरिनने विचारलं.

सगळे नळ्या धरून उभे होते, आणि लोरेटाच्या ध्यानात आलं की सगळे तिच्याकडे पाहतायत. झालं की नाही हे सांगणारा माणूस या घरात एकच होता. तो कसं सांगायचा हे सगळ्यांना माहीत होतं.

ती फाटकाशी उकिडवी बसली. बोट ओलं करून डांबरावर घासलं, जिभेला लावलं. वाळू, तेलाचा उग्र वास, आणि मागून चव आली.

"खारट," ती म्हणाली, आणि थुंकली.

"अगदी लेनी," मोझेल पुटपुटली.

पुन्हा पाणी मारलं. हबिंजरने झाडू हातात घेतला. आईचा कोट गुडघ्यापर्यंत ओला झाला होता. बस म्हटलं तर ती बसली नाही. लोरेटा पुन्हा उकिडवी झाली. या वेळी तिने घाई केली नाही. फाटकाशी, मोझेलच्या घरासमोर, आणि गल्लीच्या तोंडाशी, अशा तीन जागा तिने चाखल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"अळणी."

हबिंजरने टोपी काढली, पुन्हा घातली.

ऑरिन चावी घ्यायला पुढे झाला आणि मध्येच थांबला. "माझी एक अडचण आहे," तो म्हणाला. "आत बसलेल्याला खरं ऐकू येत नाही. मला आधी बाहेर उभं राहून ऐकायचंय. तुमच्यापैकी कोणी चालवाल?"

लोरेटाने चावी आईपुढे धरली. आईने नकारार्थी मान हलवली. तिने ओल्या हाताने मुलाचा दंड धरला आणि त्याला गॅरेजच्या दिशेने हलकेच ढकललं.

"जा," ती म्हणाली.

"आई, मी कधी—"

"माहीत आहे. म्हणून तर."

जेरार्डने बूट काढले, कारण ते ओले होते, आणि मोजेही काढले. एकोणसाठ वर्षांचा, टक्कल पडलेला, निवृत्तीला आलेला माणूस अनवाणी गाडीत बसला. आई दुसऱ्या बाजूने चढली, मांडीवर ओला कोट घडी करून, आतली कोरडी बाजू बाहेर करून. इंजिन गरजलं. गाडी फूटभर पुढे सरली, हिसका बसला आणि बंद पडली.

"क्लच!" आत्या ओरडली. "हबिंजरच्या व्हॅनला क्लच नव्हता का रे?"

दुसऱ्यांदा ती निघाली. फाटकातून बाहेर आली, आणि ओल्या काळ्या रस्त्यावर तिचा हिरवा रंग असा उठला की तरुण जोडप्यातल्या पोरीने तोंडावर हात ठेवला. पहिला गिअर. दुसरा. इंजिनाने ओझं घेतलं आणि आवाज खाली उतरला, छातीत शिरला. त्यात घाई नव्हती, धमकी नव्हती, अंगात किती आहे हे माहीत असलेल्याचा तो आवाज होता. तिसरा गिअर पडला तो मोझेलच्या फाटकापुढे, लोण्यात सुरी जावी तसा. ऑरिन डोळे मिटून उभा होता. त्याची बोटं मांडीवर ताल धरत होती.

मग त्याने डोळे उघडले, कारण गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली होती, आणि लोरेटा दोन पावलं पुढे सरली. मोठा रस्ता समोर मोकळा होता. एक वळण घेतलं की सरळ परत फिरता आलं असतं. त्यासाठी पांढऱ्यावरून पाच-सहा हात जावं लागलं असतं, बस्स.

ब्रेकचे दिवे लागले. पुढची चाकं रेघेच्या अलीकडे वीतभर थांबली. क्षणभर काहीच झालं नाही. मग गाडी मागे आली, तिरकी झाली, पुढे गेली, पुन्हा मागे आली. गल्ली अरुंद आणि गाडी लांब. जेरार्ड काच खाली करून, अर्धा बाहेर वाकून चाकाकडे पाहत होता. पुढे, मागे, पुन्हा पुढे. पत्रा, पत्रा म्हणणारा माणूस तिळातिळाने गाडी वळवत होता, आणि एकही चाक पांढऱ्यावर गेलं नाही.

"आता ऐकू येतंय त्याला," आत्या म्हणाली. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही.

परत येताना त्याने काच वर केली नव्हती. आई त्याच्याशी काहीतरी बोलत होती आणि तो मान हलवत होता. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा तो लगेच उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला.

"तुमची पाळी," तो शेवटी ऑरिनला म्हणाला. "दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना जोर करू नका. ती आपोआप जाते."

ऑरिनने चालवली, एकदाच, हळू. उतरल्यावर सीटवरून तळहात फिरवला, बॉनेटशी आला आणि त्या करड्या जागेवर क्षणभर हात ठेवला. ठेवला आणि उचलला.

"मी घेतो," तो म्हणाला. "पण आज नेत नाही. मी उघडा ट्रेलर घेऊन आलोय. इंडियानापर्यंत सगळा रस्ता पांढरा आहे, आणि आता मला तो धुता यायचा नाही."

"सोमवारी गॅरेज—" लोरेटाने सुरुवात केली.

"माझं रिकामं आहे," मोझेल म्हणाली. "माझ्या गाडीला बाहेर उभी राहायची सवय आहे. ती काही हिच्यासारखी नाजूक नाही."

सौदा फाटकातच झाला. हात मिळवले गेले. जेरार्ड बाजूला जाऊन फोनवर कोणाला तरी सांगत होता, "नाही, विकली. नाही, जास्त दिले तरी नाही. तुम्हाला नाही कळायचं." मग त्याने स्वतःच गाडी रस्ता ओलांडून मोझेलच्या गॅरेजमध्ये नेली. चाळीस फूट. अनवाणीच. लोरेटाने पांघरूण आणलं, आणि दोघांनी मिळून ते नाकाकडून शेपटीकडे घातलं.

ऑरिनने घड्याळ, अंगठी आणि पट्टा परत घेतला. "मला कळणार कसं, कधी यायचं ते?"

"मी फोन करीन," ती म्हणाली.

आत्याने त्या संध्याकाळी केक खाल्ला. म्हणाली, असल्या दिवशी देव डोळेझाक करतो.

*

शेवटची मिठाची गाडी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येऊन गेली; मोझेलने कळवलं. पहिला पाऊसही तिनेच कळवला. दुसऱ्यानंतर ती फोनवर म्हणाली, "मी चाखून सांगते की. एवढ्यासाठी तासभर गाडी हाणत येऊ नकोस."

"चव फोनवर कळत नाही," लोरेटा म्हणाली. आई आता तिच्याकडेच राहत होती; तिने एव्हाना कोट घातला होता. भांडी तशीच राहिली होती.

जुन्या घरासमोर नव्या लोकांची सायकल पडली होती. लोरेटाने तिकडे पाहायचं टाळलं. ती मोझेलच्या फाटकासमोर उकिडवी बसली आणि बोट ओलं केलं, तेवढ्यात कोपऱ्यावरून शाळेची पिवळी बस वळली. बस हळू झाली. खिडक्यांना चेहरे चिकटले. कोणीतरी बोट दाखवलं, कोणीतरी हसलं.

कुंपण तिच्या पाठीशीच होतं. ती उठली नाही. बस निघून जाईपर्यंत तिने बोट डांबरावर नीट, सावकाश घासलं, आणि जिभेला लावलं.

मग फोन काढून ऑरिनला लावला. पलीकडे एकाच घंटीत उचलला गेला. कोणी हॅलो म्हटलं नाही. नुसतं ऐकणं होतं.

"अळणी," लोरेटा म्हणाली.